वरच्या बांधीचं पाणी

आमच्या सारस गटातली मंडळी दर पावसाळ्यात नव्या माणसांना एक गोष्ट सांगतात. माझ्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, सारसाच्या जोडीनं घरटं केलं. मी त्याभोवतीचं धान सोडून दिलं. पण खालच्या शेजाऱ्यानं चोरून धुरा, म्हणजे शेताचा बांध, फोडला आणि बांधीतलं पाणी आपल्याकडे ओढलं. घरट्याभोवतीची जमीन उघडी पडली आणि कुत्र्यांनी अंडी खाल्ली. यातलं घरट्याचं आणि सोडलेल्या धानाचं खरं आहे. शेजाऱ्याचं खोटं आहे, आणि ते मी इतकी वर्षं चालू दिलं.

गट साधाच आहे. बालाघाटातली काही नोकरदार मंडळी, शाळेतल्या एक बाई आणि खैरलांजीकडचे आम्ही शेतकरी. पगार कोणालाच नाही. रोवणी झाली की जोड्या कुठे उतरतात ते पाहायचं, घरटं दिसलं की त्या शेतकऱ्याच्या घरी चहा प्यायला जायचं आणि चहा संपायच्या आत त्याला राजी करायचं. सारस धानाची रोपं उपटून पाण्यात ढीग करतो, त्यावर अंडी घालतो. तेवढं धान जातं म्हणून शेतकरी चिडतो. बाईंची मराठी अर्धी हिंदीतली. त्या म्हणतात, "काकाजी, थोडंसं धान तिच्या बाळंतपणाचं समजा." माहेरी बाळंतपणाला आलेल्या लेकीला कोण हाकलणार? शेतकरी हसतो आणि हो म्हणतो.

अट एकच असते. पिल्लं निघेपर्यंत बांधीतलं पाणी हलवायचं नाही. उतरलं तर कुत्री पोचतात, चढलं तर अंडी बुडतात.

त्या वर्षी युरिया उशिरा आला. रांगेत उभं राहून कसाबसा मिळवला. तो टाकायचा तर आधी बांधीतलं पाणी काढावं लागतं. म्हटलं, थोडं उतरू द्यावं, दुपारी बंद करू. फावड्यानं धुऱ्याचं तोंड खालच्या अंगाला उघडलं. तेवढ्यात भाचा मोटरसायकल घेऊन आला, कटंगीच्या बाजाराला चला म्हणाला. गेलो. बाजारात सोयरे भेटले, गप्पा रंगल्या आणि तिथंच मुक्काम पडला.

सकाळी शेतावर आलो तर बाई आणि गटातली दोघं धुऱ्यावर उभी. चिखलात कुत्र्यांची पावलं आणि कवचाचे तुकडे. सारसाची जोडी थोड्या अंतरावर नुसती उभी होती, ओरडतही नव्हती. पाणी सगळं शेजाऱ्याच्या बांधीत गेलेलं. कोणीतरी म्हणालं, "खालच्यानं पानी चोरलं." पाण्यावरून आमच्याकडे भांडणं रोजचीच, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

शेजाऱ्याला मग गटात कोणी बोलावलं नाही. चौकातली पोरं त्याला 'आमलेटवाला' म्हणू लागली. मी दिसलो की तो रामराम करायचा आणि पुढे जायचा.

यंदा जोडी त्याच्याच बांधीत उतरली.

बैठक माझ्या ओसरीवर होती. बाई म्हणाल्या, "त्यांच्या शेतावर आपला माणूस बसवावा लागेल. काकाजी, तुम्हीच बसा नं. तुमच्यावर सगळ्यांचा भरोसा आहे."

तो शब्द मला सोसला नाही. म्हटलं, "बाई, त्या साली पानी मी फोडलं होतं. त्यानं नाही."

"मजाक करून राह्यले का काकाजी?" एक जण हसला.

"युरिया टाकाचा होता. फावडा माहा, धुरा माहा. बंद कराचं राहून गेलं, अन् मंग सांगाचंही."

बाईंनी कप खाली ठेवला. मग चप्पल घालत म्हणाल्या, "चला. माफी आम्हालाही मागायची आहे."

शेजारी धुऱ्यावर गवत कापत होता. सगळ्यांसमोर मी त्याला सांगितलं. त्याचा विळा थांबला नाही.

"धान चार महिन्यांत पिकते, बुढ्या. तुले एक गोष्ट पिकवाले इतके साल लागले?"

"तुले मालूम होतं?"

"हौ. तू धुरा फोडून राह्यला तवा मी इकडं निंदन करत होतो."

"मंग काहून नाही बोलला?"

"बोललो असतो तं लोक म्हनले असते, चोर आता भल्या मानसाले चोर म्हनते. तूच बोलला असता तं खरं झालं असतं."

बाईंनी हात जोडले. "भाऊ, आमचं चुकलं. गटात या."

"येतो नं. पन त्या पोट्ट्याहिले आमलेटवाला म्हनाचं बंद कराले सांगा. मी अंडं खातच नाही!"

सगळे हसले. तोही हसला. मग विळा माझ्याकडे रोखून म्हणाला, "अन् घरटं माह्या बांधीत, पन पानी याच्या. यानं वरून सोडलं तं अंडे बुडतीन. यंदा याचा धुरा माह्या हाती."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हौ म्हटलं.

सगळा हंगाम त्याला विचारल्याशिवाय मी धुऱ्याला हात लावला नाही. झड लागली तेव्हा दोघांनी मिळून पलीकडच्या बाजूनं नाल्याकडे चर खणला. तो खणता खणता मला शिव्या देत होता, आणि खरं सांगतो, ऐकायला बरं वाटत होतं. पिल्लू एकच निघालं, मातकट रंगाचं. बाई म्हणाल्या, नव्या माणसांना गोष्ट आता तुम्हीच सांगा. बोलताना मी काहीतरी वगळीन अशी भीती वाटते, म्हणून लिहून ठेवतो आहे.

परवा धान पिवळं पडलं, पाणी काढायची वेळ आली. फावडा घेऊन उभा राहिलो आणि खाली हाक मारली, "सोडू काय?"

"थांब जरा," तो ओरडला. "पिल्लू बांधीच्या मंधात आहे."

फावडा खाली ठेवला आणि धुऱ्यावर बसून राहिलो.