पुऱ्यांचा संप

इथे अमेरिकेत, नोव्हाय गावी, आमच्या शेजारणीचे वडील दर उन्हाळ्यात स्वीडनहून यायचे. आयुष्यभर कम्युनिस्ट! पोरवयात लाकडाच्या गिरणीत लागले, युनियन बांधली, संप केले, पुढे थेट संसदेत जाऊन बसले आणि तिथे स्वतःच्या पक्षाशीही भांडले. अमेरिकेने यांना व्हिसा दिलाच कसा, देव जाणे. दातात साखरेचा खडा धरून बशीतून कॉफी अशी फुरकायचे की मी लगेच त्यांना आजोबा म्हणायला लागले.

मंडळाच्या गणपतीत मला गायचं होतं. दर वर्षीच असायचं. कराओकेची सीडीसुद्धा तयार ठेवायचे. पण माझा नंबर यायचा तेव्हा मी आत पुऱ्यांच्या कढईपाशी, आणि स्टेजवरून कुणीतरी म्हणायचं, "वहिनी बिझी आहेत, नेक्स्ट आयटम घेऊ या." असा संताप यायचा ना! आजोबांना सांगितलं, तर म्हणाले, "मग काम थांबव. आम्ही दुसरं काय केलं आयुष्यभर?"

अगंबाई, हे मला सुचलंच नव्हतं! गणपतीच्या दिवशी शाळेच्या हॉलमागच्या किचनमध्ये आम्ही पाचजणींनी लाटणी खाली ठेवली, गॅस बंद केला. दारात आजोबा, माझ्या नवऱ्याचा झब्बा घालून पहाऱ्याला.

अध्यक्षकाका धावत आले. "पुऱ्या?"

"संप!" मी ओरडले. बाहेर ढोल चालू होता.

"संपल्या? इतक्यात? अरे, कणीक आणा रे कुणीतरी!" आणि माझ्या नवऱ्याला गाडी काढायला पिटाळलंसुद्धा. आम्ही हसून हसून ओट्यावर आडव्या. आजोबा चक्रावले. मागणी ऐकायच्या आधीच पळत सुटणारा मालक त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

नवरा कणकेची पिशवी घेऊन परतला, तेव्हा मी नीट सांगितलं: माझं गाणं होईपर्यंत पुऱ्या पुरुष तळणार. बाहेर अख्खी पंगत भुकेली. अध्यक्षकाकांची तंतरली. त्यांनी निमूटपणे झारा घेतला, नवऱ्याने लाटणं.

आणि मी गायले! सुरुवातीला सूर जरा घसरला, घसरू दे. समोर माझ्या चौघी मैत्रिणी होत्या, आजोबा भलत्याच जागी टाळ्या वाजवत होते, आणि मला इतका आनंद झाला होता की शेवटचं कडवं मी दोनदा म्हटलं.

गाडीत बसल्यावर नवरा खट्टू होऊन म्हणाला, "तुझं गाणं मला ऐकायचं होतं गं. पण तेलाच्या आवाजात आतून काहीच ऐकू येत नाही."

"माहितीये," मी म्हटलं. "मी दर वर्षी आतच असते."