सुभेदारांची बारा गाणी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आष्टा आणि पंचक्रोशीत गाणं खऱ्या अर्थानं ऐकू शकणारी माणसं दोनच होती. त्यांपैकी एक मी. दुसऱ्याचा उल्लेख टाळता आला असता तर मी आनंदानं टाळला असता. पण खोटं बोलायचा माझा स्वभाव नाही, आणि बोलायला गेलोच तर आमची ही बोलू देत नाही.

दुसरे म्हणजे सुभेदार. मूळचे साताऱ्याकडचे. फौजेतून निवृत्त झाले आणि बायकोच्या वाटणीला आलेला दोन एकर ऊस सांभाळायला आष्ट्याला आले. ताठ कणा, पांढऱ्या मिशा, आणि सदऱ्याच्या खिशात मोबाईल असा उभा ठेवलेला की गाणं थेट छातीतून येतंय असं वाटावं. त्यांच्या उसाला लागून माझी हळद. मी विश्रामबागेतल्या एका कॉलेजात ग्रंथपाल. सकाळी शेतावर चक्कर मारून मोटारसायकलवरून सांगली गाठणारा. आमचा बांध एक, आणि दुर्दैवानं आवडता गायकही एकच.

हा गायक जतकडचा. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला पोरगा. स्वतःच लिहितो, स्वतःच चाल लावतो, गिटार घेऊन स्वतःच गातो. आम्ही दोघं त्याला 'आपला गडी' म्हणायचो. त्या 'आपला'मध्ये मला वाटेकरी आहे, ही गोष्ट मला मनापासून खुपायची.

मी त्याच्या उत्तमोत्तम गाण्यांची यादी मोबाईलमध्ये केली होती. चौसष्ट गाणी. दुष्काळ, प्रेम, मेंढरं आणि संकीर्ण असे विभाग; शिवाय एक छापील प्रत, तिच्यात शेऱ्यांचा स्वतंत्र रकाना. ती मी मोठ्या थाटात सुभेदारांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाले, "सर, ही मतदार यादी हाय. ह्यात मेलेलीबी हायत."

त्यांच्या स्वतःच्या यादीत बाराच गाणी होती. कारण त्यांची परीक्षाच जगावेगळी. उसाला पाणी पाजताना एक सरी भरली की खोऱ्यानं माती ओढून पाणी पुढच्या सरीत वळवावं लागतं. तिथं लक्ष हवंच. सुभेदार नेमकं तेव्हाच नवं गाणं लावायचे. पाणी वेळेवर वळवलं गेलं तर गाणं नापास. गाण्याच्या नादात खोरं हातात तसंच राहिलं, सरी तुडुंब भरून पाणी बांधावरून पलीकडे गेलं, तर पास. आणि पलीकडे काय होतं? माझी हळद! मी चिखलात उभा राहून तणतणायचो, "आवं सुभेदार, हळद कुजंल की माझी!" ते मान डोलवत म्हणायचे, "चांगलं गाणं हाय म्हणून तर आलंय तुमच्याकडं." त्यांची निवड माझ्या शेतात अशी बारा वेळा येऊन गेली.

एकदा ते विहिरीवर मोटार चालू करायला गेले असताना मी त्यांच्या मोबाईलमध्ये माझं एक लाडकं गाणं हळूच घुसवलं. कबूल करतो, ग्रंथपालाला न शोभणारं कृत्य होतं ते. दुसऱ्या दिवशी सुभेदार बांधावर माझी वाटच बघत होते. "सर, हद्दीत एक घुसखोर घावला. चौकशी करून परत पाठवलाय."

हेही मी सोसलं असतं. पण माझ्याच स्वयंपाकघरातून एके सकाळी सुभेदारांची यादी वाजू लागली. आमच्या हिनं ती त्यांच्याकडून मागून घेतली होती! मी पोहे खाता खाता थांबलो. "आपली चौसष्ट आहेत की घरात," मी म्हणालो. ती म्हणाली, "आवं, तुमची लावली की कॉलेजात बसल्यावानी वाटतं. त्यांचं एक गाणं संपलं की जरा गप बसावं वाटतं." मग ती खरोखरच गप्प बसली, आणि माझे पोहे गार झाले.

सगळा हिशोब चुकता करायची संधी आपल्या गड्यानंच दिली. त्याचा कार्यक्रम आष्ट्यात ठरला. कार्यक्रम संपताच मी माझी छापील प्रत घेऊन मंचामागे पोचलो. त्यानं पानं उलटली आणि लाजून हसला. "एवढी मी लिवली व्हय, सर? ह्यातली निम्मी मीच इसरलोय." माझी छाती फुगली. तेवढ्यात मागून सुभेदारांनी विचारलं, "त्या टँकरच्या गाण्यात तिसऱ्या कडव्यानंतर तुमी मधीच थांबलाय. का?"

पोरगा त्यांच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "टँकर आला की आई तितनं मला हाक मारायची. गाणं केलं तवा ती न्हवती. मग तिची जागा सोडली मोकळी." आणि माझी प्रत काखेत मारून त्यानं सुभेदारांचा हात दोन्ही हातांत धरला.

ते गाणं मी शेकडो वेळा ऐकलं होतं. त्या जागी मला दर वेळी वाटायचं, रेंज गेली. त्याच्या काखेतल्या माझ्या प्रतीत, शेऱ्यांच्या रकान्यात, मी स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलं होतं: 'मध्ये बिघाड. चांगली प्रत मिळवावी.' त्यानंतरचे आठ दिवस मी शेतावर गेलो नाही. सुभेदारांनी माझ्या हळदीवर लक्ष ठेवलं, ते वेगळंच.

गेल्या दिवाळीनंतर त्यांचे गुडघे पार गेले. बायको आधीच गेलेली, ऊस खंडानं दिला, आणि मुलगा त्यांना पुण्याला न्यायला गाडी घेऊन आला. मी हिला घेऊन निरोपाला गेलो ते खरं सांगायचं तर जरा हलक्या मनानं. इतकी वर्षं ज्या जागेवर डोळा होता ती रिकामी होत होती. गाडीत बसता बसता सुभेदारच म्हणाले, "आता आष्ट्यात एक नंबर तुमीच, गड्या." 'सर' सोडून पहिल्यांदाच.

हेच तर मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. उत्तरादाखल दोन चार भारदस्त वाक्यंही मी घरून घोकून आणली होती. गाडी सुरू झाली. मी काचेशी वाकलो. एकीकडे त्यांचा मुलगा, दुसरीकडे आमची ही, दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होती. आणि घोकलेलं सगळं राहिलं बाजूला, मी भर रस्त्यात ओरडलो, "आवं सुभेदार, पर मी आता जळू कुणावर?"