नाना आचारी आणि पोटातला जंतू

आमचे नाना रक्त हगत होते आणि कुणाला सांगत नव्हते.

वाचायला घाण वाटतंय? वाटू दे. आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

नाना म्हणजे माझे चुलते. गुंजवण्यापासून कापूरहोळपर्यंत लग्न असू दे नायतर जत्रेचं मटण, आचारी नानाच.

पोटात लई जळायचं त्यांच्या. सोडा पिऊन दिवस काढले. शेवटी पुण्याला दुर्बीण घातली. आत जखम, आणि एच पायलोरी नावाचा जंतू.

डॉक्टर म्हणाले, "खूप लोकांच्या पोटात असतो. गोळ्या घ्या, जाईल."

नानांनी कोर्स पूर्ण केला. परत तपासलं. जंतू गेला, जळजळ गेली.

पण तवर गावात झालं होतं, "आचाऱ्याच्या पोटात जंतू हाय."

झालं. ठरलेली लग्नं गेली. एका घरी पाहुणे म्हणून जेवायला गेले, तर सगळ्यांना ताटं आणि नानांना कागदाची पत्रावळ.

नाना भेटेल त्याच्यापुढं मोबाईल धरायचे. "हे बग रिपोर्ट. निगेटिव्ह हाय. वाच की."

"आमाला काय कळतंय नाना त्यातलं," लोक म्हणायचे आणि दुसरा आचारी सांगायचे.

मग हळूहळू लोक विसरले. शिवऱ्याच्या एका लग्नात नवरीच्या बापानं मांडवात नानांना हार घातला. नानांनी मला फोटो पाठवला. खाली व्हॉइस मेसेज, "आचारी परत आला रं लेका!"

त्याच सीझनला रक्त सुरू झालं.

घरात संडास असून नाना टमरेल घेऊन ओढ्याकडं जायला लागले.

काकी वरडायची, "एवढा फरशी लावून बांधला तो काय कोंबड्या कोंडायला व्हय?"

"मोकळ्या हवेची सवय हाय गं," म्हणायचे. सगळे हसायचे.

मी व्हिडिओ कॉलवर म्हटलं, "नाना, लई वाळलात की."

"आगीम्होरं हुभं राहून कोण फुगतंय का?"

एका जेवणावळीत भट्टीपाशीच पडले. अॅम्ब्युलन्समध्ये काकीला पहिल्यांदा सांगितलं. "म्हनलं, परत जंतू झाला म्हनत्याल. परत कामं जात्याल."

पुण्याला पोचेपर्यंत आतडं फाटलं होतं. ऑपरेशन केलं. नाय वाचले.

मी राजस्थानात पोकलेन मशीन चालवतो, तिथनं काम सोडून पळत आलो. डॉक्टरला धरलं, "त्या गोळ्यांनीच झालं ना?"

ते म्हणाले, "मोठ्या आतड्याला सूज, आतून जखमा. असा आजार जंतूच्या औषधानंतर वाढतो का, यावर अजून एकमत नाही. यांच्या बाबतीत सांगता येणार नाही. पण तेव्हा त्या गोळ्या गरजेच्याच होत्या. आणि हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही. लवकर आले असते तर उपचार होते."

सांगता येणार नाही!

मला आठवी नापासाला कुणाची तरी कॉलर धरायची होती. तेवढं पण मिळालं नाही.

गावाचं मात्र ठरलंय. "गोळ्यांनी मेला." ज्यांना नानांच्या हातचं नको होतं, त्यांना आता गोळ्या नको. पोट धरून बसतील, पण दवाखाना नको. डोकं फुटायची वेळ आलीय राव.

मी हे लिहिणार कळल्यावर सकाळी काकीचा फोन. "आज कायबी लिवू नको. चुलत्याचं हागणं फेसबुकवर टाकतोस व्हय? लोकं हार घातलेला फोटो टाकत्यात."

"काकी, झाकून काय मिळालं?"

मग बारीक आवाजात म्हणाली, "माझ्या माहेरच्या एकीला तसंच रगत जातंय. मला एकटीलाच बोललीय. सासरी कळलं तर म्हनून भितीय."

"तिला घेऊन पुण्याला जा. आजच."

"आरं, आज वर्षश्राद्ध हाय! घरात पावणं आल्यात."

"भावकी बघंल पावण्यांचं. तू जा."

फोन कट. मला वाटलं रागावली.

आता काकीचा मेसेज आलाय. पान वाढून ठेवलं, निघाले, एसटीत बसलोय दोघी.

नाना, काकी आज तुमच्या पानाला थांबली नाही. तिच्यावर रागवू नका. काय रागवायचं ते माझ्यावर रागवा.

हितनंच पाया पडतो.