समुद्राकडे पाठ

मुंबई पाहून आलेली माणसं गल्लोगल्ली सापडतील, पण मुंबईला जाऊन तिचा पराभव करून परत येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या मावशीचा नवरा निघाला. आम्ही त्यांना काका म्हणत असू. औरंगाबादेत आमच्या नात्यागोत्यात कुणाला लग्नाच्या खरेदीसाठी, कुणाला दवाखान्यासाठी, कुणाला नुसतीच हौस म्हणून मुंबईला जायचं असलं की काका न बोलावता स्टेशनवर हजर. अंगात काळी शेरवानी, डोक्यावर काळी टोपी, पायात चकचकीत काळे बूट आणि काखेत भाकरी अन् लसणाच्या चटणीचं गाठोडं. मनमाडला गाडी बदलेपर्यंत ते गप्प असत. मुंबई जवळ आली की अंगात काहीतरी संचारल्यासारखे उठून उभे राहत. त्यांच्याबरोबर मुंबई करून आलेला माणूस घरात शिरताच जिथे जागा मिळेल तिथे आडवा होई. मुंबई कशी वाटली, असं विचारलं तर डोळे न उघडता म्हणे, "औरंगाबाद चांगलं हाय."

याचं मूळ शोधायला थोडं मागे जावं लागेल. काका निजामाच्या अमदानीत तहसील कचेरीत कारकून म्हणून चिकटले. पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा त्यांनी चौकात पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी त्याच शेरवानीत त्याच खुर्चीवर जाऊन बसले. पुढे मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि कचेरीच्या कामासाठी हैदराबादऐवजी मुंबई गाठावी लागू लागली. पहिल्याच खेपेला तिथल्या कुण्या साहेबाने त्यांना सहज विचारलं, "औरंगाबाद? तिकडे पाहण्यासारखं काय आहे हो?" साहेब चहा संपायच्या आत प्रश्न विसरलाही असेल. काका मात्र पुढची वीस वर्षं त्या प्रश्नाचं उत्तर देत राहिले, आणि ते ऐकायला तो साहेब सोडून बाकी सगळ्यांना जावं लागलं.

माझं लग्न झालं तेव्हा आमची पाळी आली. नवरा-बायकोने चार दिवस मुंबई पाहावी एवढाच साधा बेत होता. काका म्हणाले, "नवीन पोरगी हाय, गंगापूरची. तिला मुंबई कोण समजावून सांगणार?" आणि मावशीला घेऊन आले. मावशी आली याचं हिला बरं वाटलं, कारण बोलायला कुणीतरी झालं. पण मावशीचे गुडघे तेव्हापासूनच कुरकुरत होते आणि ती नेहमी पंधरावीस पावलं मागे असे. काका मागे वळून न पाहता हाक मारत, "चल की, चल की," आणि मावशी मागून म्हणे, "तुम्ही व्हा पुढं, मी रस्ता चुकले तर औरंगाबादला भेटू."

गेटवेपाशी काकांनी आम्हाला कमानीसमोर उभं केलं. "मोज," ते हिला म्हणाले. ही गोंधळली. "दरवाजे मोज." ती म्हणाली, एकच आहे. "एकच हाय. आपल्या शहराला बावन्न. अन् आपल्या दरवाज्याला भिंत असती, आत शहर असतं. याला ना भिंत ना कवाड. दोन्हीकडून वारा. याला दरवाजा म्हणायचं?" तिथून थेट मोठ्या घड्याळाच्या मनोऱ्याखाली. मान वर करून आमच्या मानेचे स्नायू आखडले. "उंच हाय, नाय म्हणत नाय," काका म्हणाले, "पण आपल्या शहागंजच्या घड्याळाला मान मोडावी लागत नाय. सायकलवरून जाता जाता वेळ कळते." मग मलबार हिलची टांगती बाग. ती चढण चढताना हिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की या लग्नाचा पुनर्विचार चालू आहे हे माझ्या लक्षात आलं. वर पोचल्यावर काकांनी बागेच्या हिरवळीवर बूट आपटला. "याच्याखाली पाण्याची टाकी हाय म्हणतेत. बागेखाली पाणी, यात काय मोठं? आपल्या पाणचक्कीला वर हौद भरलेला अन् त्या हौदाखाली माणसं गारव्याला बसतेत. पाण्याखाली दिवाणखाना. बनवून दाखव म्हणावं यांना." आसपासच्या बंगल्यांमध्ये राहणाऱ्या श्रीमंतांबद्दल तर त्यांना मनापासून दया येई. एवढा पैसा असून बिचाऱ्यांना वेरूळ लांब पडतं, असं ते म्हणत.

या सगळ्यात बसणं मात्र नव्हतं. बाकडं दिसलं की काका पावलं वाढवत. "बसायला आपलं घर हाय की," हे त्यांचं त्यावरचं उत्तर. भाकरीसुद्धा उभ्यानेच खायची, तीही एखाद्या प्रेक्षणीय वस्तूला नावं ठेवत. तिसऱ्या दिवशी हिच्या चपलेचा अंगठा तुटला तेव्हा मला वाटलं, आता तरी थांबतील. काकांनी रुमाल फाडून चप्पल पायाला बांधली आणि म्हणाले, "अजून अजबखाना राहिलाय." चालताना ही हळूच म्हणाली, "पुढच्या वेळी मुंबई पाहायची असली तर आपण पाणचक्कीवर जाऊन बसू. काकांच्या हिशेबानं तिथं सगळी मुंबई बघायला मिळते."

पण तुमच्या ध्यानात आलं असेल, एवढ्या यादीत एक गोष्ट नाही. मुंबईत समुद्र आहे. तो मुंबईत कुणालाही चुकवता येत नाही. काका चुकवत. गेटवेला ते आम्हाला असं उभं करत की समुद्र बरोबर पाठीशी येई. मरीन ड्राइव्हवर ते इमारतींच्या बाजूच्या फुटपाथने नेत आणि डावीकडच्या बाल्कन्या दाखवत राहत. घारापुरीला होडीने जावं लागतं, तर "वेरूळच्या माणसानं घारापुरी बघायची म्हणजे आचाऱ्यानं खानावळीत जेवायचं," असं म्हणून त्यांनी ते बेटच रद्द करून टाकलं होतं. कारण उघड होतं. बावन्न दरवाज्यांच्या या माणसाकडे समुद्राला उत्तर नव्हतं. औरंगाबादच्या ओढ्याएवढ्या खाम नदीचं नाव घ्यायला ते स्वतःही धजत नसत.

आणि मावशीला मुंबईत दुसरं काहीही बघायचं नव्हतं. तिला वाळूत बसून समुद्रात पाय बुडवायचे होते. करमाडच्या शेतात वाढलेल्या, विहिरीपलीकडे पाणी न पाहिलेल्या बाईची एवढीच हौस. ती जितक्यांदा मुंबईला गेली तितक्यांदा तिने तो लांबून, इमारतींच्या फटीतून, निळसर काहीतरी असा पाहिला. "मला तुमचे दरवाजे नका दाखवू," ती म्हणे, "पाणी दाखवा." काका म्हणत, "खारं असतं ते. काय कामाचं?" दरसाल तिचे गुडघे जास्त दुखू लागले. एकदा आमच्या अंगणात पाय चोळत ती मला म्हणाली, "आता चालवंना बाबा. यांना काय उत्तर सापडंल तवर माझे पाय राहत्यात का नाय, बघ." ती हसत होती. मला हसू आलं नाही.

मग पैठणला जायकवाडीचं धरण झालं, नाथसागर भरला. काका एसटीने जाऊन एकटेच पाहून आले. धुळीने माखलेले बूट न काढताच ते आमच्या दारात उभे राहिले. "पलीकडचा काठ दिसत नाय, मियाँ," ते मला म्हणाले. "मावशीला सांग, तयारी कर. समुद्र बघायला जायचंय." आधी मावशीला नाथसागर दाखवला, कारण उत्तर आधी पाठ हवं. मग त्याच आठवड्यात मी, ते दोघं आणि मावशीच्या गुडघ्याचं तेल असे मुंबईला निघालो.

चौपाटीवर ऊन कलायला लागलं होतं. मावशी माझा हात धरून वाळूतून एकेक पाऊल टाकत गेली आणि पाणी येतं तिथे सरळ बसली. पाय लांब केले. काका तिच्या शेजारी उभे राहिले, शेरवानीची बटणं नीट केली, घसा साफ केला. "आता बघ. हे अन् आपला नाथसागर," त्यांनी सुरुवात केली, आणि लाट आली. त्यांच्या चकचकीत बुटांत पाणी शिरलं. ते दोन पावलं मागे सरले. पाणी गेलं. ते पुन्हा पुढे झाले, "तर आपला नाथसागर," आणि पुन्हा लाट आली. काका माझ्याजवळ सरकले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "हे परत का येतंय?"

तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं या माणसाने समुद्राकडे फक्त पाठ केली होती. त्यानेही तो पाहिलेला नव्हता.

काका वाळूत बसले. मुंबईत त्यांना बसलेलं मी प्रथमच पाहिलं. बूट काढून बाजूला ठेवले आणि पाय पुढे केले. त्यांचा चेहरा कोर्टात साक्षीदार फुटलेल्या वकिलासारखा झाला होता. मावशीने एकदा तिरक्या नजरेने तिकडे पाहिलं. मग ओंजळभर पाणी उचलून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"खारट हाय हो," ती म्हणाली. "आपलं गोड."

"व्हय?"

"व्हय तर. तोंडात धरवत नाय."

काकांच्या चेहऱ्यावर रंग आला. मी गाठोडं उचललं, म्हटलं निघायचं आता. मावशीही उठायला लागली. काकांनी तिच्या पदराचं टोक धरलं. "बस अजून जरा," ते म्हणाले.

मावशी जाऊन आता बराच काळ झाला. काका मुंबईला जात नाहीत, पण मुंबईहून कुणी आलं की त्यांना पैठणला घेऊन जातात. परवा माझ्या कचेरीतले एक पाहुणे होते, चौपाटीजवळ राहणारे. नाथसागराच्या काठावर उभं राहून ते म्हणाले, "कमाल आहे. अगदी आमच्या समुद्रासारखं वाटतं हो." मी काकांकडे पाहिलं. ज्या उत्तरासाठी या माणसाने आम्हा सगळ्यांच्या चपला झिजवल्या, ते आज खुद्द मुंबईच्या माणसाने आपण होऊन दिलं होतं.

काकांनी मान हलवली. "नाय," ते म्हणाले. "समुद्र येगळा. तो गेला तरी परत येतो. आमच्या घरी विचारा, तिला सगळं माहितीय." आणि बोलता बोलता त्यांनी मागे वळून रस्त्याकडे पाहिलं, पंधरावीस पावलांवर.

मग ते काठावरच्या एका दगडावर बसले आणि आम्हालाही शेजारी जागा करून दिली. "बसा की," ते म्हणाले. "घाई कशाची हाय?"