खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

दोन हजार सालानंतरची गोष्ट. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी कॉम्प्युटर बघायचे. मेल सर्व्हर म्हणजे एक मळकट डबा, मालकांच्या केबिनशेजारच्या फळीवर ठेवलेला. दर अर्ध्या तासाला तो टेलिफोनच्या लाइनवरून बाहेरचा मेल ओढून आणायचा. मी तो छापायचा, फायलीला लावायचा, मग मालक वाचणार.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की दसरा उलटेपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही, हा आमचा शिरस्ता. त्या वर्षी मालकांनी सर्व्हरलाही हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि म्हणाले, "बंद कर आता."

मी म्हटलं, "अहो मालक, मेल येतात त्यावर. राहू दे की चालू."

"का? ते काय यंत्र न्हाय? त्याला इसावा नको व्हय?"

सगळे हसले. मीही हसले. बटण मीच दाबलं. तो टक्क आवाज अजून कानात आहे.

सुट्टीनंतर आधी भट्टी, बाकी सगळं मागनं, हा दुसरा नियम. भट्टीवर आमचे मेल्टरमामा. उभा जन्म वितळलेल्या लोखंडापुढं काढलेला माणूस, मला रोज "पोरी, जेवलीस काय?" विचारणारा. नारळ फुटला आणि मामांनी भट्टीत भंगार भरायला घेतलं. नवाच लॉट होता, मुंबईच्या व्यापाऱ्याकडून आलेला परदेशी माल. मग मला सर्व्हर लावायची परवानगी मिळाली.

दोन दिवसांचा मेल भडाभडा उतरला. त्यात त्या व्यापाऱ्याचाही एक, वर 'अर्जंट' लिहिलेला. आता त्या बाबाचा प्रत्येक मेल अर्जंटच असायचा, दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा. मला डोक्यातच जायचा तो. म्हटलं, बस जरा. वीसेक मिनिटं मी आधी ऑर्डरी छापत बसले.

मग त्याचा कागद निघाला. याच लॉटच्या दुसरीकडे गेलेल्या मालात तोंड बंद असलेली सिलिंडरं सापडली आहेत, तापली की फुटतील, भट्टीत काही टाकू नका, तुमचा फोन कुणी उचलत नाही. खंडेनवमीच्या दुपारी पाठवलेला. मी पळत सुटले. शेडच्या दाराशी पोचले असेन नसेन, आतून असा धडाका झाला की पायाखालची फरशी हलली.

मामा जगले. डोळे गेले. दोन्ही.

संध्याकाळी मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. "त्यो मेल आपल्याला आलाच न्हाय. कळलं? काढून टाक."

मी काढून टाकला. कागद त्यांनी माझ्यादेखत फाडला. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू? पण खरं सांगायचं तर मलाही ते हवंच होतं. मेलबरोबर माझी वीस मिनिटंही पुसली जात होती.

आठवड्यानं दवाखान्यात गेले. मामांच्या डोळ्यांवर पट्ट्या होत्या. आवाजावरनं त्यांनी मला ओळखलं. म्हणाले, "पोरी, मालक म्हनत्यात, कुनालाच कल्पना न्हवती. तू कॉम्प्युटरवर असतीस, तू सांग. आधी काय कळलं न्हवतं न्हवं?"

"नाही मामा," मी म्हटलं.

"मग बरं," ते म्हणाले. "न्हायतर जलमभर कुनावर तरी राग धरून बसलो असतो."