नर्सबाई दिल्लीला गेल्या

कोपरगावच्या दवाखान्यातल्या नर्सबाई चिखल तुडवत आमच्या वस्तीवर यायच्या आणि पदर खोचून आधी हात धुवायच्या. माझ्या बायकोचं अडलेलं बाळंतपण त्यांनीच निभावलं. एकाहत्तरला त्या लोकसभेला उभ्या राहिल्या. सभेत एक म्हातारा ओरडला, "बाई, दिल्लीत सुई कुनाला टोचनार?"

सगळे हसले. बाईही हसल्या. "सरकारला, बाबा. आपल्या बाया दवाखान्याच्या वाटेवरच मरतात, तरी त्याला जाग येत नाही."

हसू थांबलं. चारचौघांत कधी न बोलणारी माझी बायको मागून उठली. "माजं मत बाईंनाच," ती म्हणाली. मग बायका भराभर उठल्या.

बाई निवडून आल्या. मिरवणुकीत त्या जीपमधून उतरून गुलालात न्हालेल्या बायकांबरोबर चालू लागल्या. माझी बायको सर्वांत पुढं होती. मी आनंदानं मागं चालत होतो.