पार्सलमधलं लिंबू

आत्ता अर्ध्या तासापूर्वी पुण्याहून एका गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. "मसाला मागवला होता, तुम्ही करणी पाठवलीत!" मी म्हटलं, "आधी फोटो पाठवा."

मलकापुरात घरी कांदा-लसूण मसाला करून ऑनलाइन विकायला लागून जेमतेम आठवडा झालाय. बाईंनी फोटो पाठवला. खोक्यात मसाल्याच्या पाकिटाशेजारी हळदकुंकू लावलेलं लिंबू!

पार्सलं सासूबाई बांधतात. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "व्हय, मीच घातलं. नवा धंदा हाय, दिष्ट लागाय नगं."

"आवं आत्या, सगळ्यांत घातलंय?"

"मग? एकाला घालून दुसऱ्याला कसं न्हाई घालायचं?"

बारा पार्सलं अजून वाटेत आहेत. आजपासून खोकं मीच बंद करणार. पण मैत्रिणींनो, त्या बारांतलं एखादं तुमचं असेल, तर घाबरू नका. ती करणी नाही, माझी सासू आहे.